नकारघंटेचा बॅज

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशींनी ती फिल्म पुन्हा एकदा दिव्याच्या काचेवर ठेवली. गेले चार दिवस आपण एका मुलीवर खोटा आळ घेऊन बसलोय, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

फिल्म दोन टपाल तिकिटांएवढी होती. किरणोत्सर्गाजवळ काम करणारी माणसं छातीवर एक चपटी डबी लावतात, तिला बॅज म्हणतात. आत काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म असते. किरण पडले की ती काळी पडते. जितकी काळी, तितकं त्या माणसाने किरण खाल्ले. महिना संपला की बॅज प्रयोगशाळेत येतात, फिल्म धुतली जाते, काळेपणा मोजला जातो. हे काम मावशी एकतीस वर्षं करत होत्या. अलीकडची दोन वर्षं मोजायचं काम यंत्र करायचं आणि मावशी फक्त सही करायच्या.

चार दिवसांपूर्वीची सही त्यांचीच होती. कागद कारखान्यातली तपासनीस, बॅज क्रमांक एकोणचाळीस, महिन्याचा डोस बासष्ट मिलिसिव्हर्ट. वर्षाला वीस चालतात. हिला एका महिन्यात तिप्पट. अहवाल गेला, त्याच दिवशी मुलीला कामावरून बाजूला काढलं. काल संध्याकाळी तिने फोन केला होता. रडली नाही. ती म्हणाली, "मावशी, तुमची सही आहे म्हणून विचारते. ती फिल्म तुम्ही पाहिलीत, की नुसता आकडा पाहिलात?"

मावशींनी नुसता आकडा पाहिला होता.

आता त्या पाहत होत्या. डबीला चार खिडक्या असतात. एक उघडी, दुसरीवर पातळ प्लॅस्टिक, तिसरीवर ॲल्युमिनियमची चकती, चौथीवर शिसं. म्हणून फिल्मवर चार चौकोन उमटतात. उघड्या खिडकीचा चौकोन कोळशासारखा काळा होता. प्लॅस्टिकखालचा करडा. ॲल्युमिनियमखालचा आणि शिशाखालचा, दोन्ही कोरे. चौकोनांच्या कडाही पट्टी लावून आखल्यासारख्या होत्या.

यंत्र फक्त उघडी खिडकी वाचत होतं. ते असं कोणी लावून ठेवलं, हे नंतर शोधता येईल. आत्ता एवढंच खरं होतं की ती मुलगी लोखंडाच्या आतले फोटो काढणाऱ्या ज्या कॅमेऱ्यावर काम करते, त्याच्या किरणांनी अशी फिल्म होऊच शकत नाही.

त्यांनी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मावशी, गेलेला अहवाल उकरायचा नसतो. आजवरच्या सगळ्या अहवालांवर लोक बोट ठेवतील."

"ठेवू देत की."

"तुमचे चार महिने राहिलेत. कशाला नसतं लचांड?"

मावशींनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून त्या बस पकडायला निघाल्या.

२

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांची साडी, चप्पल आणि पर्स क्रमाने पाहिली.

"मावशी, झाडलोटीची भरती मागच्या दाराने."

"मला सगळे मावशीच म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण झाडायला आलेय तो वेगळाच कचरा. तपासणी विभाग कुठे?"

तपासणी विभागाच्या बाहेर, पॅसेजमध्ये लोखंडी खुर्चीवर ती मुलगी बसली होती. तिशीही न गाठलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आत जायची तिला मनाई होती. घरी जायला ती तयार नव्हती. गेले चार दिवस रोज आठ ते पाच ती याच खुर्चीवर बसत होती.

"नकारघंटा म्हणतात मला इथे," तिने स्वतःच सांगितलं. "जोड नापास करते म्हणून."

"सगळेच करतेस?"

"वाईट असेल तोच. आता वाईट जास्त निघाले, त्याला मी काय करू?"

प्रकरण बाविसाव्या जोडाचं होतं. लाकडाचा लगदा वाफेच्या दाबाखाली शिजवायचं कारखान्याचं भांडं तीन मजली उंच होतं. त्याला नवं वेल्डिंग केलं होतं. नकारघंटेने इरिडियमच्या कॅमेऱ्याने प्रत्येक जोडाचा फोटो काढला. डॉक्टर हाडाचा काढतात तसाच, फक्त हे गॅमा किरण लोखंडातूनही आरपार जातात. बाविसाव्या जोडात तिला भेग दिसली. तीनदा फोटो काढला, तीनदा नापास केला.

"आणि आता?"

"आता म्हणतात, जी बाई स्वतःला सांभाळू शकत नाही, तिच्या फोटोंवर काय भरवसा? आज तीनला भांडं पेटवणार. त्याच्याखाली एका पाळीची चौदा माणसं असतात, मावशी." तिने खिशातून घडी केलेला कागद काढला. "यावर सही कर म्हणतात. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' सही केली तर दुसऱ्या खात्यात घेतील. नाही केली तर कायमची घरी."

"मग?"

"मी निष्काळजी नाही. सही करणार नाही. हाकलायचं तर हाकला."

मावशींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. मग त्यांची नजर मुलीच्या सदऱ्यावर गेली. नवीन बॅज तिला दिलाच नव्हता; पण जिथे तो लागायचा, तिथे कापडाला सेफ्टी पिनेची दोन भोकं होती.

"बॅजला तर चिमटा असतो. पीन कशाला लावायचीस?"

मुलगी ओशाळली. "गेल्या महिन्यात मधेच चिमटा मोडला. शनिवारी कपाटात टांगला तेव्हा धड होता, सोमवारी पाहते तर नाही. कुणाला बोलले नाही. म्हटलं, डबी मोडली म्हणून आणखी एक मेमो नको."

"कुणालाच नाही?"

"तुम्ही पहिल्याच."

मावशी उठल्या. चिमटा आपोआप मोडत नाही. तो कुणीतरी मोडतं, आणि मोडायला काहीतरी कारण लागतं.

३

सुरक्षासाहेबांचं वजन जितकं होतं, तितका त्यांचा आवाज नव्हता. बॅज त्यांच्या केबिनमधल्या कपाटात टांगलेले असत.

"चावी कुणाकडे?"

"माझ्याकडे. आणि एक उत्पादनसाहेबांकडे, आणीबाणीसाठी." बोलताना त्यांनी टेबलावरची एक पांढरी गोल डबी हळूच रुमालाखाली सरकवली. मावशींनी रुमाल उचलला. छताला लावतात तो, धूर झाला की वाजणारा भोंगा होता. झाकण उचकटलेलं.

"यात अमेरिशियमचा ठिपका असतो," मावशी म्हणाल्या. "किरणोत्सर्गी."

सुरक्षासाहेबांच्या कपाळावर घाम आला. "अहो, उगाच वाजायचा म्हणून उघडला! बायकोची शपथ!"

"घाबरू नका. त्यातून निघतात ते मुख्यतः अल्फा किरण. जड गडी, पण दमसास नाही. बोटभर हवेत थांबतात, कागदाने अडतात. माझी फिल्म काळ्या कागदात गुंडाळलेली असते, त्यांना आत शिरताच यायचं नाही. बाकी थोडे दुबळे गॅमा असतात, पण ते ॲल्युमिनियमच्या चकतीतून सहज गेले असते. तो चौकोन तर कोरा आहे." त्या दाराशी थांबल्या. "मात्र एक सांगा. तुम्ही सुरक्षा बघता. बासष्टचा आकडा आला, तेव्हा किरण वाढले की वाजणारा तिचा बीपर वाजला होता का, हे तरी विचारलंत?"

"वरून सांगितलं, बीपर तिने बंद ठेवला असेल."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात."

त्यांनी रुमाल पुन्हा डबीवर ओढला.

मुलीचा कामातला जोडीदार होता दादा. कॅमेऱ्याचा दांडा फिरवून इरिडियमची गोळी लांबून आत-बाहेर करणं हे त्याचं काम. पन्नाशीचा, तुटक बोलणारा. मुलीला त्याच्या डोक्यावर बसवलं, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

"राग आहे ना तिच्यावर?"

"आहे की. अकरा वर्षं मी दांडा फिरवतोय, आणि कालची पोर मला सांगते, दादा, मागे व्हा. राग येणार नाही?"

"मग तिचा बॅज कॅमेऱ्यासमोर ठेवलास?"

"मावशी, ती मागे व्हा म्हणते ना, तेव्हा आधी मी मागे झालोय का ते बघते आणि मग स्वतः होते. असल्या माणसाचा राग येतो. त्याचा घात करत नाहीत."

मावशींनी त्याला फिल्म दाखवली. त्याने ती उजेडात धरली आणि एका क्षणात परत दिली.

"ही आमची नव्हे."

"कशावरून?"

"आमचे किरण तळहाताएवढ्या जाड पोलादातून जातात. आणि डबीतली ॲल्युमिनियमची चकती नखाएवढी. तिने अडवले?" तो हसला. "गॅमाने चारही चौकोन काळे केले असते. शिशाखालचा जरा फिका, इतकंच."

मावशींनी मान हलवली. पण मग कपाटात टांगलेल्या बॅजवर असे अर्धवट दमाचे किरण टाकले तरी कशाने?

४

उत्पादनसाहेबांची केबिन भांड्यासमोरच होती. काचेतून ते सगळं दिसायचं. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वेळ नाही हेही सांगितलं.

"बाई, तुमच्याच प्रयोगशाळेचा अहवाल आहे. आता तुम्हीच उलट्या फिरताय?"

"एकदा खात्री करून घेतेय. डोस खरा असेल तर पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तेच म्हणतो मी. हुशार आहे, पण उद्धट. नियम आपल्याला नाहीत असं वाटतं तिला. त्या रविवारी कारखाना बंद असताना एकटीच कॅमेरा घेऊन काय करत होती, कोण जाणे. दादाही नव्हता बरोबर. मी काय तिचं शेपूट धरून फिरू?"

"कॅमेरा बाहेर काढल्याची नोंद आहे?"

"नोंद न करता काढला असेल. म्हणून तर निष्काळजी."

मावशींनी पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवताना त्यांनी तो मुद्दाम सावकाश ठेवला.

"तुम्ही सुरुवातीपासून इथेच?"

"कागदाच्या यंत्रावर ऑपरेटर म्हणून लागलो." आवाजात अभिमान होता. "जाडीमापकावर सहा वर्षं काढली. घाम गाळून आलोय वर. म्हणून सांगतो, महिन्याच्या उत्पादनाचा आकडा कसा गाठायचा ते मला कुणी शिकवू नये. तीनला भांडं पेटणार."

"जाडीमापक म्हणजे?"

"कागद किती जाड आहे ते किरणांनी मोजतात." ते घड्याळाकडे पाहत उठले. "बारीकसं असतं. तुमच्या कामाचं नाही."

बाहेर आल्यावर मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बारा वाजून चाळीस मिनिटं. या माणसाने आत्ता एक असा शब्द उच्चारला होता, जो त्याला ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

५

जाडीवाला अगदी काडीपैलवान होता. हे नाव त्याला कामामुळे पडलं होतं. कागदाच्या यंत्राच्या शेवटी, धावत्या कागदाच्या वर आणि खाली लोखंडाचे दोन जबडे होते. मधली फट जेमतेम एका बोटाची.

"वरच्या जबड्यात क्रिप्टॉन वायूची कुपी," तो म्हणाला. "खालचा जबडा किरण मोजतो. कागद जाड झाला की खाली कमी किरण पोचतात. झालं मोजमाप."

"कुठले किरण?"

"बीटा. अल्फा असते तर कागदातच संपले असते. गॅमा असते तर कागद आहे की नाही हे त्यांना कळलंही नसतं. कागद मोजायला मधलेच हवेत." त्याने खिशातून ॲल्युमिनियमची पट्टी काढली, पंधरा पानांच्या वहीएवढी जाड. "आणि हे बघा."

त्याने पट्टी फटीत सरकवली. पडद्यावरचा आकडा उड्या मारत वर गेला आणि तिथे अक्षरं आली: मापाबाहेर.

"अडले," जाडीवाला म्हणाला. "बीटाचा दम इथवरच."

मावशींनी पर्समधून रिकामी बॅजची डबी काढली आणि फटीजवळ धरली. डबी गेली असती, पण मागचा चिमटा आडवा येत होता.

"चिमटा काढावा लागेल," जाडीवाला सहज म्हणाला.

"हो," मावशी म्हणाल्या. "मोडावा लागेल. किरण सोडायच्या झडपेची चावी कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक उत्पादनसाहेबांकडे, पूर्वीपासूनची. पण झडप कुणी उघडली तर कळतं हां. गेल्या वर्षी मी नवं नोंदयंत्र जोडलंय. जुनं कागदाच्या यंत्राबरोबर बंद पडायचं. हे झडप उघडली की आपोआप लिहायला लागतं, कागद धावत असो नसो. दर दहा सेकंदांना एक आकडा."

"गेल्या महिन्याचं काढून दाखव."

छपाई सुरू झाली. मावशी खाली वाकल्या आणि जबड्याखालच्या कागदाच्या भुशात बोटं फिरवू लागल्या. साडीला पांढरा भुसा लागला. पाचव्या मिनिटाला त्यांच्या बोटांना काहीतरी टोचलं.

६

दोन वाजून वीस मिनिटांनी उत्पादनसाहेबांच्या केबिनमध्ये सहा माणसं उभी होती. मुलगी दाराशी, दादा तिच्या मागे. सुरक्षासाहेब घाम पुसत. जाडीवाल्याच्या हातात कागदाची गुंडाळी. टेबलावरचा फोन स्पीकरवर होता आणि त्यातून प्रयोगशाळेचे साहेब बोलत होते.

"मावशी, लेखी परवानगीशिवाय तुम्ही तिथे एक अक्षर बोलायचं नाही."

"ऐकत राहा, साहेब. उपयोगी पडेल." त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली. बाहेर भांडं, आत फिल्म. "उघडी खिडकी काळी, प्लॅस्टिक करडं, दोन्ही धातूंखाली कोरं. अल्फा इथवर पोचत नाहीत. गॅमा थांबत नाहीत. म्हणजे बीटा. कडा अशा रेखीव, म्हणजे बॅज हलत नव्हता. अंगावरचा बॅज माणसाबरोबर डुलतो, त्याच्या कडा पुसट येतात. हा कुणाच्याही अंगावर नव्हता. त्या मुलीने बासष्ट काय, दोनसुद्धा खाल्लेले नाहीत. डोस बॅजने खाल्लाय."

उत्पादनसाहेब हसले. "आणि बॅजला पाय फुटले?"

"हात फुटले. कारखान्यात बीटाची एकच जागा आहे." मावशींनी टेबलावर प्लॅस्टिकचा मोडका चिमटा ठेवला. त्यावर एकोणचाळीस आकडा कोरलेला होता. "जाडीमापकाखाली सापडला. दादा, वाच ती छपाई."

दादाने गुंडाळी घेऊन तुटक आवाजात वाचलं. "सतरा तारीख. अकरा वाजून बावीस मिनिटं. रिकामं. रिकामं. मापाबाहेर. मापाबाहेर. मापाबाहेर. मापाबाहेर. रिकामं." तो थांबला. "झडप बंद."

"चाळीस सेकंद," मावशी म्हणाल्या. "एका मुलीची नोकरी घ्यायला एवढे पुरले."

"चावी जाडीवाल्याकडेही आहे!"

"आहे. पण नोंदयंत्र त्यानेच जोडलंय. स्वतःविरुद्ध पुरावा छापून ठेवेल इतका तो खुळा नाही. आणि बॅजच्या कपाटाची चावी त्याच्याकडे नाही. सुरक्षासाहेबांकडे कपाटाची आहे, पण झडपेची नाही. दादाकडे दोन्ही नाहीत. दोन्ही चाव्या एकाच माणसाकडे आहेत. त्या माणसाने सहा वर्षं हे मापक चालवलं, पण जुन्या नोंदयंत्रावर. यंत्र थांबलं की ते मुकं व्हायचं."

"हा सगळा तर्क आहे तुमचा."

"मग तर्काबाहेरचं सांगते. मघाशी तुम्ही मला म्हणालात, त्या रविवारी ती एकटी काय करत होती." मावशींनी फिल्मवर बोट ठेवलं. "ही महिनाभराची बेरीज आहे. पहिल्या तारखेला काळी झाली की तिसाव्या, हे मला एकतीस वर्षांत कधी सांगता आलेलं नाही. फिल्मला तारीख कळत नाही, साहेब. अहवालात दिवस नव्हता. चिमट्याचं या पोरीने कुणाला सांगितलं नव्हतं. छपाई मी तुमच्याकडून गेल्यावर निघाली. मग रविवार तुम्हाला कुणी सांगितला? आणि सतरा तारखेला वार कोणता होता?"

कुणी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. उत्पादनसाहेबांनी मात्र पाहिलं.

"किरण ते किरण," ते शेवटी पुटपुटले. "कोण बघणार होतं, कुठल्या चौकोनात किती ते."

"बरोबर. कुणीच बघत नव्हतं. मीसुद्धा." मावशींनी पर्समधून अहवालाची प्रत काढली, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि फोनकडे वळल्या. "साहेब, ऐकलंत ना? हा अहवाल मी मागे घेतेय. परवानगी मागत नाही, कळवतेय."

फोन बंद झाला.

"काहीही करा," उत्पादनसाहेब एकदम ओरडले. "चौकशी लावा, पत्रं लिहा! भांडं तीनला पेटणार! इथे अजून माझा हुकूम चालतो!"

"नाही चालणार," सुरक्षासाहेब म्हणाले.

इतक्या बारीक आवाजात, की ते बोलले हे आधी कुणाला कळलंच नाही. मग त्यांनी कपाटातून आणलेला एक कोरा बॅज मुलीसमोर धरला. "वाफेच्या झडपेवर लाल पाटी लावायचा अधिकार माझा आहे. कधी वापरला नाही, ही गोष्ट वेगळी. जा. चौथ्यांदा फोटो काढ. मी सगळ्यांना बाहेर काढतो."

मुलीने बॅज घेतला, चिमटा दोनदा उघडून मिटून पाहिला आणि सदऱ्याला लावला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे'चा कागद तिने उत्पादनसाहेबांच्या टेबलावर उलटा ठेवला. त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: नाही. खाली सही केली.

"सही हवी होती ना? घ्या."

भांड्याभोवती दोर बांधले गेले. चौदा माणसं फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. "दादा, मागे व्हा," असा आवाज आला, आणि त्यावर दादाचा, "झालोय गं बाई, झालोय!"

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ओली फिल्म चिमट्यात धरून मुलगी अंगणात आली. तिने ती उन्हाकडे केली. सगळे गोळा झाले, सुरक्षासाहेबही, पहारेकरीही. पोलादाच्या करड्या पट्ट्यातून, वरपासून खालपर्यंत, एक काळी रेघ गेली होती, केसासारखी बारीक आणि वाकडी. जिथे लोखंड कमी, तिथून किरण जास्त येतात.

चौदा माणसांपैकी एकाने तोंडावर हात ठेवला.

"मावशी, तुम्ही बघा," मुलगी म्हणाली. "नुसता आकडा नको."

मावशींनी चष्मा वर केला आणि फिल्म वरून खाली, सावकाश, पूर्ण पाहिली.

"नापास," त्या म्हणाल्या.

"नापास," नकारघंटा म्हणाली, आणि खडू घेऊन भांड्याकडे चालू लागली.